उन्हाळा आणि घर: बेळगाव सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की कूलर कुठला घ्यावा, एसी परवडेल का, गच्चीला चुना मारावा का, अशा चौकशा सुरू होतात. पुढची उत्तरं मुख्यतः बेळगाव शहर आणि तालुक्याला धरून आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडची हवा जिथे वेगळी पडते, तिथे तसं सांगितलं आहे. कारवार आणि बिदरच्या लोकांसाठीही अधूनमधून दोन शब्द आहेत, कारण त्यांचा उन्हाळा आपल्यापेक्षा अगदीच निराळा.

बेळगाव तर थंड हवेचं गाव. मग एवढा उकाडा का होतो?

गाव अजूनही बऱ्यापैकी थंडच आहे, गरम झाली आहेत ती घरं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, घाटाच्या कडेला वसलंय. एप्रिलमध्ये दुपारी पारा सरासरी ३५-३६ अंशांपर्यंत जातो, पण पहाटे तो २० च्या आसपास उतरतो. दुपार आणि पहाट यांतला हा पंधरा अंशांचा फरक म्हणजे आपलं भांडवल. मुंबईकरांना तो मिळत नाही, कारवारकरांना तर नाहीच.

रात्री दहाला बाहेर कट्ट्यावर बसलं तर वारं छान लागतं, आणि घरात पाऊल टाकलं की अंगाची काहिली होते, हा अनुभव बहुतेकांचा आहे. म्हणजे गारवा दारापर्यंत आलेला असतो, आपण त्याला आत घेत नाही. जाड भिंती, मंगळुरी कौलं, वर माळा, पुढे सोपा (ओसरी) आणि मागे परडं अशी घरं गेली, त्या जागी चारही बाजूंनी उन्हात उभे असलेले स्लॅबचे मजले आले. त्यामुळे यंत्र घेण्याआधी खिडक्या आणि छत यांच्याकडे बघा. खालची निम्मी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

दिवसा खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

बंद. "वारं खेळतं राहू दे" म्हणून भर दुपारी खिडक्या सताड उघडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. दुपारी बाहेर ३६ असताना आत ३० असेल, तर उघड्या खिडकीतून येतं ते गरम वारं. अंगाला वारा लागतो म्हणून दहा मिनिटं बरं वाटतं, पण तेवढ्यात भिंती, फरशी, गाद्या, कपाटं सगळं तापतं आणि ते रात्रभर छळतं.

क्रम असा ठेवा. ऊन उतरल्यावर, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार वाटू लागली की सगळं उघडा. हे बेळगावात साधारण सात-साडेसातला होतं, अथणी-रायबागकडे आणखी उशिरा. पहाटेपर्यंत उघडं ठेवा. सकाळी नऊच्या सुमारास, ऊन तापायच्या आत, खिडक्या लावून पडदे ओढा. स्वयंपाकघराची एखादी झडप मात्र उघडी असू द्या, नाहीतर शेगडीची उष्णता आणि वाफ घरातच कोंडते.

रात्री हवा आत यायची असेल तर तिला बाहेर पडायलाही वाट हवी. एकच खिडकी उघडून भागत नाही, समोरासमोर दोन हव्यात. दुमजली घर असेल तर जिन्यावरचं गच्चीचं दार उघडून बघा: गरम हवा वर चढते, जिन्यातून निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून गार हवा ओढली जाते. तेही जमत नसेल तर टेबलफॅन खिडकीत तोंड बाहेर करून लावा. तो आतली हवा बाहेर फेकतो आणि दुसऱ्या खिडकीतून ताजी येते. आपल्याकडे तोंड करून लावायची सवय असल्यामुळे हे उलटं वाटतं, पण रात्री नऊ ते अकरा एवढं केलं तरी खोलीत फरक कळतो.

चोर, डास आणि माकडं हे तीन आक्षेप नेहमी येतात आणि तिन्ही खरे आहेत. जाळी बसवा, तळमजल्याला ग्रिल करून घ्या. या खर्चाला लोक का कू करतात आणि कूलरला लगेच पैसे काढतात, हे काही पटत नाही.

आमच्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला आहेत. तिथूनच ऊन येतं आणि तिथूनच वारंही. काय करायचं?

हा खास आपल्याकडचा पेच. दुपारी तीन ते सहा तिरकं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडकीत थेट शिरतं, छज्जा ते अडवू शकत नाही. आणि संध्याकाळी घाटाकडून सुटणारं वारंही पश्चिमेचंच. खिडकी बुजवली तर वारं गेलं, उघडी ठेवली तर ऊन आलं.

उपाय एवढाच की ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आत जाड पडदा लावला तरी काच ओलांडून आलेली उष्णता घरातच राहते. बाहेर बांबूचा गुंडाळायचा पडदा किंवा शेतीच्या दुकानात मिळते ती हिरवी शेडनेट, खिडकीपासून वीतभर अंतर सोडून लावा. दुपारी सोडायची, सहाला गुंडाळून वर घ्यायची. वाळ्याचा पडदा मिळाला तर उत्तमच. त्याच्यावर पाणी शिंपडलं की वारं गार आणि सुगंधी येतं. पण तो रोज ओला करणारं माणूस घरात हवं.

अंगण असेल तर पश्चिमेला झाड लावा. शेवगा लवकर वाढतो, पण फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात मोडतात, म्हणून भिंतीला किंवा तारांना खेटून लावू नका. कडुनिंब, आंबा, चिकू यांना वेळ लागतो. तोवर मांडवावर दोडका-कारल्याचा वेल चढवा.

रात्री फॅनचं वारं पण गरम येऊलंय, काय करायचं?

फॅनचा काही दोष नाही. तो छताला चिकटलेली हवाच खाली ढकलतो आणि छत तापलेलं असतं. रात्री नऊला स्टुलावर चढून स्लॅबच्या आतल्या बाजूला तळहात टेकवून बघा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर छत अंगापेक्षा गरम लागेल. दुपारभर प्यायलेली उष्णता काँक्रीट चार-पाच तास उशिरा आत सोडतं. बाहेर सूर्य मावळतो तेव्हा घरातलं छत पेटायला लागतं, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून रात्रीच्या उकाड्यावरचा इलाज दुपारी आणि गच्चीवर करावा लागतो. ऊन स्लॅबला लागूच न देणं, नाहीतर लागलेलं परतवून लावणं, हे दोनच मार्ग. पुढचे प्रश्न त्यावर आहेत. तोवर वरच्या मजल्यावरच्यांनी मार्चअखेर ते मे पथारी खाली हलवावी. आधीच्या पिढ्या उन्हाळ्यात झोपायची जागा बदलायच्या, त्यात कमीपणा नव्हता.

गच्चीला चुना मारल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि पैशाच्या मानाने एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा शोषून घेतो. आणि बेळगावचा स्लॅब काळाच असतो. जून ते सप्टेंबर पाऊस झोडपतो, गच्चीवर शेवाळ धरतं, ऑक्टोबरात ते वाळून काळी पापुद्र्यासारखी खपली राहते आणि तीच एप्रिलचं ऊन पिते. म्हणून पहिलं काम घासायचं. तारेच्या ब्रशने ही काळी खपली काढा, झाडा, धुवा, सुकू द्या. न घासता मारलेला चुना पहिल्या वळवात पोपडे धरून निघतो आणि मग लोक चुन्याला नावं ठेवतात.

विरवलेला चुना आणा. कळीचा चुना आणलात तर तो पाण्यात पडताच उकळतो, त्यामुळे लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. मुलांना जवळ फिरकू देऊ नका. रात्रभर भिजू द्या, दुसऱ्या दिवशी गाळून घ्या, त्यात फेविकॉलसारखा चिकट द्रव आणि थोडं पांढरं सिमेंट घाला. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर दोन हात द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा. डोळ्याला चष्मा आणि हातात मोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि तडक डॉक्टर गाठा.

आपल्याकडच्या पावसात चुना वर्षभर टिकत नाही, दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो. तेवढा उत्साह नसेल तर दुकानात उष्णता परतवणारे तयार रंग मिळतात. महाग पडतात, पण काही वर्षं चालतात आणि गळतीलाही आडकाठी करतात. नवीन कोबा करणारच असाल तर वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करून घ्या, मग चुन्याची भानगडच नको.

आणि संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं तर?

थोडा गारवा मिळतो, पण भर दुपारी मारू नका. तापलेल्या काँक्रीटवर गार पाणी पडून बारीक चिरा वाढतात आणि जुलैत त्याच गळतात. सूर्य मावळल्यावर, स्लॅबचा चटका कमी झाल्यावर, धुण्याचं शेवटचं पाणी मारलं तर पुरे. गोणपाट अंथरून ते ओलं केलं तर कमी पाण्यात जास्त वेळ गारवा राहतो. प्यायच्या पाण्याने गच्ची धुणाऱ्यांनी शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप धरणाची पातळी उन्हाळ्यात कुठे जाते तेवढं बघावं.

सगळेच गच्चीवर पत्र्याची शेड मारतात. उन्हासाठी ती चांगली का?

बेळगावात ती मुळात पावसासाठी आणि अडगळीसाठी मारतात, पण उन्हातही कामाला येते. स्लॅबवर सावली पडते. अट एकच, बाजू उघड्या हव्यात. पत्रा आणि स्लॅब यांच्यामधून वारं वाहिलं पाहिजे. चारही बाजू पत्र्याने बंद करून वरची खोली केलीत तर ती खोली भट्टी होते आणि खालचा स्लॅबही सुटत नाही. पत्रा वरून पांढरा किंवा फिका घ्या. गडद निळे-लाल पत्रे दिसायला ऐटबाज असतात एवढंच. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडून शेजारच्या अंगणात जातात, म्हणून हूक-बोल्ट मजबूत हवेत. बांधण्याआधी महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा नियम विचारून घ्यावा.

आमचं घरच पत्र्याचं आहे.

पत्रा साठवत काही नाही. ऊन आलं की लगेच तापतो, गेलं की लगेच निवतो. रात्र तुमची बरी जाते, दुपार जाळते. वरून पांढरा रंग द्या आणि आतून बांबूची चटई किंवा जिप्समचं छत, मध्ये वीतभर हवा सोडून लावा; त्या हवेला दोन्ही टोकांना बाहेर पडायला जागा ठेवा. थर्माकोल स्वस्त म्हणून लावतात, पण ठिणगी पडली तर तो जळत खाली ठिबकतो, चुलीच्या घरात तर नकोच. ऊसपट्ट्यात पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडबा टाकतात. गारवा छान होतो, पण आग, उंदीर आणि साप यांचा विचार करूनच टाका.

जुनं कौलारू घर पाडून स्लॅब टाकावा का?

गळतीला, वानरांना आणि कौलं चाळायला माणूस मिळत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाला "पाडू नका" असं बाहेरून सांगणं सोपं आहे. पण निदान सगळं घर पाडू नका. मातीच्या किंवा चिऱ्याच्या जाड भिंती ठेवा, माळा ठेवा. माळा म्हणजे छत आणि खोली यांच्यामधली हवेची गादी, तिच्यामुळेच ती घरं दुपारी गार असतात. कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप निघून जाते, हे काम स्लॅबच्या घरात पंख्यांना करावं लागतं.

अथणी-रायबागकडची माळवदाची घरं याच जातीची. वर मातीचा जाड थर, भिंती हातभर रुंद, दुपारी आत गेलं की डोळे मिटावेत असा गारवा. रात्री मात्र आत कोंदट होतं, म्हणून लोक माळवदावर झोपत. दिवसा आत आणि रात्री वर, अशी ती पूर्ण व्यवस्था होती. स्लॅब टाकून वर झोपायचंही सोडलं, की दोन्ही गेलं.

नवीन बांधायचंच असेल तर तीन गोष्टींवर अडून बसा: पश्चिमेला झोपायची खोली नको, तिथे जिना, न्हाणी किंवा कोठी घ्या; खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा हवा; आणि छताजवळ झरोके हवेत. झरोके कंत्राटदार हमखास गाळतो.

कूलर घ्यावा का?

कुठे राहता त्यावर आहे. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, म्हणजे हवा कोरडी असेल तरच तो चालतो. घरच्या घरी परीक्षा घ्या: दुपारी ओला टॉवेल सावलीत टाका. बघता बघता वाळला तर कूलर पैसे वसूल करेल. दोन तासांनीही दमट असेल तर घेऊ नका.

अथणी, रायबाग, गोकाक, चिकोडीचा पूर्व भाग, आणि तिकडे बिदर, भालकी इथे मार्च ते मेपर्यंत तो झकास चालतो. बेळगाव शहरात मार्च-एप्रिलमध्ये ठीक. मेमध्ये वळीव पडू लागला की हवेत ओल येते आणि तोच कूलर अंग चिकट करून सोडतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या झाडीच्या पट्ट्यात त्याची फारशी गरजही नाही आणि उपयोगही नाही. कारवारला तर नावच काढू नका, तिथे पंखा आणि समोरासमोरच्या खिडक्याच खऱ्या.

कूलर असेल तिथे खोली बंद करून बसू नका. त्याने आत ढकललेली ओलसर हवा बाहेर जायला समोरची खिडकी अर्धी उघडी हवी. कूलर खोलीच्या मधोमध ठेवला तर तो तीच दमट हवा फिरवत राहतो. खिडकीत, सावलीच्या बाजूला, पाठ बाहेर करून बसवा. टाकीत बर्फ घालण्याचा फायदा नगण्य. सुक्या हवेत पाणी उडण्यानेच खरा गारवा येतो.

आता दोन धोके. लोखंडी बॉडीचा कूलर आणि अर्थिंग नसलेलं घर ही जोडी जीव घेते. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून चालू कूलरला हात लावू नका, पाणी भरताना प्लग काढा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि घराला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. दुसरा धोका डासांचा. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासा, वरून पाणी भरत राहू नका.

एसी लावला तर गृह ज्योतीची वीजबिलातली सवलत जाईल का?

जाऊ शकते, म्हणून हिशेब आधी करा. कर्नाटकात २०२३ पासून लागू असलेल्या या योजनेत २०२२-२३ मधल्या तुमच्या महिन्याच्या सरासरी वापरात थोडी भर (सुरुवातीच्या नियमाने १० टक्के) मिळवून जो आकडा येतो, तेवढी युनिट्स मोफत, कमाल २०० पर्यंत. आकड्याच्या वर पण २०० च्या आत गेलात तर वरच्या युनिट्सचेच पैसे लागतात. २०० ओलांडलीत तर त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं.

आता बघा. चांगल्या रेटिंगचा एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री आठ तास चालला तर अंदाजे पाच युनिट्स खातो, महिन्याला दीडशे. घराचा एरवीचा वापर ८० असेल तर बेरीज २३० होते आणि सवलत त्या महिन्यापुरती हातची जाते. तोच एसी रात्री दहा ते एक, खोली गार होईपर्यंत चालवून मग खिडकी उघडली तर आकडा निम्म्याखाली येतो. बेळगावात रात्री एकनंतर बाहेरची हवा फुकट गार असते, ती सोडून मशीनची कशाला घ्यायची?

घेतलाच तर २६ वर ठेवा आणि सोबत पंखा मंद चालू ठेवा. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, मशीन फक्त जास्त वेळ राबतं. जाळी दोन आठवड्यांनी धुवा. जुन्या वायरिंगवर एसी जोडू नका, त्याला बोर्डापासून वेगळी जाड वायर हवी. वीज गेल्याची किंवा व्होल्टेज पडल्याची तक्रार हेस्कॉम या वीज कंपनीच्या १९१२ वर करता येते.

नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घ्यावेत का?

जुना पंखा बिघडला असेल तर नक्की. साधा पंखा ७०-८० वॅट घेतो, हा ३० च्या आसपास, आणि इन्व्हर्टरवर दुपटीहून जास्त वेळ चालतो. चांगला चालणारा पंखा काढून फेकायची मात्र घाई नको. पंखा खोली गार करत नाही, फक्त अंगावरचा घाम उडवतो, म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात अर्थ नाही. हवेचं तापमान ४० च्या वर गेलं, जे बिदर-कलबुर्गीकडे होतं, तर नुसता पंखा उलट अंग तापवतो. तेव्हा ओला पंचा अंगावर घेऊन मग पंख्याखाली बसा.

माठातलं पाणी गार होत नाही.

छिद्रं बुजली असतील. माठ पाझरतो म्हणूनच गार होतो. बाहेरून हात लावला तर भिंत ओलसर लागली पाहिजे. कोरडी लागली तर काथ्याने आत-बाहेर घासा. साबण कधीच लावू नका, मातीत मुरतो. तेलाचा रंग दिलेले शोभेचे माठ फक्त शोभेला. माठ वाळूवर, सावलीत आणि वाऱ्यावर ठेवा. स्वयंपाकघराच्या बंद कोपऱ्यात तो काही करू शकत नाही. खानापूर मातीकामासाठी पूर्वापार नावाजलेलं आहे, तिकडचा माठ वाजवून, खणखणीत आवाज येतोय ना ते बघून घ्या. पावसाळी दमट हवेत माठ कमी गार होणारच, कारण कूलरचंच आहे.

प्यायला काय चांगलं?

पाणी, ताक, आंबील, पन्हं, कोकम सरबत, सोलकढी. ताकात मीठ आणि जिरं असू द्या. घामातून मीठही जातं. नाचणीची किंवा जोंधळ्याची आंबील शेतावर जाणाऱ्यांना सकाळी सगळ्यात उत्तम, पोटही भरतं. बाटलीबंद गोड पेयांनी तहान भागल्यासारखी वाटते आणि पुन्हा लागते. गाड्यावरच्या सरबतातल्या बर्फाची चौकशी केलेली बरी. तहान लागायची वाट बघू नका. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा उन्हाळी लागली असेल तर पाणी कमी पडतंय.

जुलाब-उलट्या किंवा खूप घाम गेला तर ओआरएस घ्या. पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची, अर्धी नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हृदय, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचे रुग्ण असतील तर डॉक्टरांना विचारून.

३८ अंशांत कसली आलीय उष्णतेची लाट?

हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० गेलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर असलं, तर लाट जाहीर होते. त्यामुळे बेळगावात ३८ ला लाट म्हणत नाहीत. पण शरीर हवामान खात्याचं पत्रक वाचत नाही. गारव्याला सरावलेल्या माणसाला ३८ जड जातं आणि हवेत ओल असेल तर घाम उडत नाही, म्हणून आणखी जड. कलबुर्गी विभागात आणि विजापूर-बागलकोटकडे सरकारी कचेऱ्या बऱ्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ ते दीड चालवतात. आपल्याकडेही शेतीची आणि बांधकामाची कामं तशी सकाळीच उरकावीत, बारा ते तीन ऊन मी म्हणत असताना नाही.

ऊन लागलं हे कसं ओळखायचं? आणि करायचं काय?

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम ही पहिली पायरी. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, पाय थोडे वर ठेवा, ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटलं पाहिजे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेना, झटके आले, शुद्ध हरपली, अंग विस्तवासारखं लागतंय, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेलं असतं. १०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. लगेच अंगावर पाणी ओता, ओली चादर गुंडाळा, जोरात वारा घाला, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, घशात अडकतं. तापाची गोळी इथे काही करत नाही. कांदा हुंगवणं, तळव्याला कांदा चोळणं यात जाणारी दहा मिनिटं महाग पडतात. कांदा जेवणात खा. अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असंही समजू नका. उन्हात राबणाऱ्याला घाम असतानाही तो होतो.

आजी-आजोबांची वेगळी काळजी?

त्यांना तहान कमी लागते आणि "मला काही होत नाही" हे वाक्य ठरलेलं असतं. तांब्या भरून जवळ ठेवण्याने काही होत नाही, दर तासाला हातात पेला द्यावा लागतो. रक्तदाबाची, लघवी होण्याची आणि काही मानसिक आजारांची औषधं उन्हाळ्यात त्रास देऊ शकतात. मनाने बंद करू नका, मार्चमध्येच डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. एकटे राहणारे कोणी गल्लीत असतील तर दुपारी एक हाक मारा.

मे महिन्यातली लग्नं?

मुहूर्त दुपारचाच असेल तर निदान मंडपाला वरून फिकं कापड, बाजू उघड्या आणि पाण्याची सोय दारातच. वरातीत उन्हात नाचणाऱ्या मुलांना आणि वाजंत्रीवाल्यांना पाणी द्यायला एक माणूस नेमा. वाजंत्रीवाल्यांना सगळेच विसरतात.

वळीव पडला की काय करायचं?

पडायच्या आधीच गच्चीच्या पन्हाळ्या आणि पाइपांची तोंडं साफ करा. एप्रिलभर साठलेला पाला पहिल्या सरीत तिथे अडकतो आणि पाणी जिन्यातून घरात उतरतं. गडगडाट सुरू झाला की एकट्या झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहू नका, टीव्ही आणि एसीचे प्लग काढून ठेवा. पाऊस थांबला की सगळ्या खिडक्या लगेच उघडा. वळवानंतर बाहेरचा पारा झपाट्याने उतरतो, पण बंद घरात तासन्‌तास तीच गरम हवा राहते. मेअखेरीस कूलरची टाकी रिकामी करून, जाळ्या उन्हात कडक वाळवून, पंप काढून कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवा. ओला ठेवलेला पंप पुढच्या मार्चमध्ये फिरत नाही.